तंगाखाली पुन्हा पुन्हा उठणारं गजकर्ण: कामाच्या घोड्यांसाठी तपासणीचा क्रम

तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, केस गेलेला गोल चट्टा दिसतो. मलम लावलं की महिन्याभरात केस येतात, आणि दोन महिन्यांनी त्याच जागी किंवा शेजारच्या घोड्यावर तसाच चट्टा पुन्हा उठतो. ही तक्रार एखाद्या तबेल्यात शिरली की वर्ष-वर्ष मुक्काम करते. अशा वेळी औषध बदलण्याची घाई होते, पण बहुतेकदा औषधात दोष नसतो. घोड्याच्या अंगावरची बुरशी गेलेली असते. साजाच्या शिवणीत, खराऱ्याच्या दात्यांत आणि अंग घासायच्या खुंटावर चिकटलेल्या केसांत ती तशीच जिवंत असते. त्यामुळे खालच्या क्रमात औषध बरंच उशिरा येतं.

लक्षणं

पहिली खूण डोळ्याआधी हाताला कळते. खरारा करण्याआधी तळहात सपाट ठेवून अंगावरून फिरवला की मसुराच्या दाण्याएवढे उंचवटे लागतात आणि त्यावरचे केस किंचित उभे राहिलेले असतात. पुढच्या काही दिवसांत हे केस पुंजक्यानेच निघू लागतात. असा पुंजका चिमटीत धरून उजेडात पाहिला तर केसांच्या मुळाशी राखेसारखा करडा कोंडा चिकटलेला असतो आणि काही केस मधूनच तुटलेले दिसतात. मागे उरतो तो गोल, कोरडा, पिठासारखी पापुद्री धरलेला चट्टा. तो कडेने वाढतो आणि शेजारचे चट्टे एकमेकांत मिसळतात. खाज नसतेच, किंवा अगदी थोडी असते.

जागाही ठरलेल्या असतात: तंग, खोगिराच्या दोन्ही बाजू, छातीचा पट्टा, मोहरकीखालचा चेहरा, खांदा. जिथे पट्टा घासतो आणि घाम साचतो तिथे कातडीचा वरचा थर सोलवटतो, आणि बुरशीला आत शिरायला तेवढी वाट पुरते. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण १ ते ४ आठवडे जातात. आज दिसलेल्या चट्ट्याचं कारण शोधायचं असेल तर गेल्या महिन्यात कोणाचा साज कोणावर चढला होता हे आठवायला हवं.

घोड्यात हा आजार बहुतांशी ट्रायकोफायटन इक्विनम या बुरशीमुळे होतो. मांजरांकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस, गुरांकडून येणारी ट्रायकोफायटन व्हेरुकोसम आणि मातीत राहणारी मायक्रोस्पोरम जिप्सियम यांचीही लागण होते.

१. चट्टे कुठे आहेत ते साज चढवून पाहा

या तपासणीला खर्च नाही. घोड्यावर नेहमीचा साज चढवा, प्रत्येक पट्ट्याची कड कुठे येते ते खडूने आखा आणि साज उतरवा. चट्टे खडूच्या रेघांवर किंवा रेघांच्या आत असतील तर संशय साजावर. पाठीच्या मध्यावर, कंबरेवर, पावसाचं पाणी निथळतं त्या वाटेवर खपल्या असतील तर बहुधा हे गजकर्ण नव्हे. तो डर्मॅटोफिलस नावाच्या जिवाणूचा आजार असू शकतो. त्यात केस रंगाच्या ब्रशसारखे एकत्र चिकटतात, खपली उचलली की खाली ओलसर, पूमिश्रित कातडी दिसते आणि घोड्याला दुखतं. बुरशीचं औषध त्यावर वाया जातं.

आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून उघडं पडलं असेल तर चावणाऱ्या बारीक माश्यांची ॲलर्जी. खुरांच्या वर, पायाच्या लांब केसांत खाज आणि घोडा पाय आपटत असेल तर खरूज. आयाळीत केस फाकवून पाहिल्यावर हलणारे दाणे किंवा केसांना चिकटलेली पांढरी अंडी दिसली तर उवा. एकच टक्कल महिनोन्‌महिने न वाढता, न भरता तसंच राहिलं असेल तर त्याला हात लावू नका. ती सारकॉइड नावाची कातडीची गाठ असू शकते, आणि खरवडल्याने किंवा जळजळीत औषधाने ती चवताळते.

२. माणसं आणि बाकीची जनावरं पाहा

हे गजकर्ण माणसाला लागतं. साज चढवणाऱ्याच्या मनगटावर, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा मांडीवर लाल कडेचा गोल चट्टा असेल तर निदान जवळजवळ पक्कं झालं. त्या माणसाने स्वतःच्या डॉक्टरकडे जावं आणि काम घोड्याचं आहे हे तिथे सांगावं. घोड्याचं मलम स्वतःला लावू नये.

शेजारचे घोडे, शिंगरं, तबेल्यातली मांजरं, जवळची वासरं सगळ्यांवर हात फिरवा. कमी वयाच्या घोड्यांना हा आजार जास्त होतो, म्हणून नवीन आणलेलं तरुण जनावर आधी तपासा. एक गोष्ट इथे नेहमी निसटते: एखाद्या घोड्यावर चट्टा नसतो, तरी त्याच्या केसांत बुरशीचे बीजाणू (तिची सूक्ष्म बीजं) असतात. तो ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्यांना देत राहतो. म्हणून उपचार सुरू करताना एका तबेल्यातल्या, एका साजातल्या सगळ्या घोड्यांना धुवावं लागतं.

३. आतापर्यंत काय काय लावलं ते लिहून काढा

घरातल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या समोर मांडा आणि घटक वाचा. बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असलेली मलमं सर्रास वापरली जातात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, डेक्सामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ती ट्यूब बाजूला ठेवा. स्टेरॉइडमुळे सूज आणि लाली दोन दिवसांत उतरते आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं, पण कातडीची लढायची ताकद तेवढीच खाली येते आणि बुरशी आत पसरते. बंद केल्यावर चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. ‘तेच मलम लावलं की बरं वाटतं, सोडलं की येतं’ असं कोणी सांगितलं तर ही शंका पहिली घ्या.

जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, बॅटरीचं पाणी, मोरचूदाचा लेप यांपैकी काहीही लावलं असेल तर ते थांबवा. यांनी कातडी भाजते, आणि भाजलेल्या कातडीवर बुरशीबरोबर जिवाणूही बसतात. मग डॉक्टरला खालचा मूळ आजार ओळखणंही अवघड होतं.

४. औषध पातळ किती केलं आणि अंगावर किती वेळ राहिलं

औषध बरोबर असूनही उपयोग झाला नाही तर बहुधा चूक इथे सापडते. एनिलकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचं १० टक्क्यांचं द्रावण मिळतं. ते पाण्यात ०.२ टक्के करून वापरायचं, म्हणजे १ लिटर कोमट पाण्यात २० मिली. एका मोठ्या घोड्याच्या संपूर्ण अंगाला साधारण ५ लिटर लागतं, त्यात १०० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेतलं की प्रमाण निम्म्यावर येतं. मोजायला सिरिंज वापरा.

आधी मऊ झालेल्या खपल्या ओल्या स्पंजाने हळू काढून घ्या, कारण द्रावण खपलीखाली पोचत नाही. ओढून काढू नका, रक्त आलं तर नवीन वाट तयार झाली. मग द्रावण केसांच्या उलट्या दिशेने, मुळापर्यंत भिजेल असं लावा. चट्ट्यापुरतं लावून भागत नाही, अख्खं अंग भिजायला हवं, कारण पुढचे चट्टे अजून दिसायचे असतात. धुऊन टाकू नका, अंगावरच वाळू द्या. दर ३-४ दिवसांनी एकदा असं चार वेळा. दोनदा लावून चट्टा कोरडा दिसला म्हणून थांबणं ही नेहमीची चूक आहे.

एनिलकोनॅझोल नसेल तर मायकोनॅझोल २ टक्के आणि क्लोरहेक्सिडीन २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा. फेस घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर राहिला पाहिजे. काम संपवून परतलेल्या घोड्याजवळ १० मिनिटं फार लांब वाटतात आणि फेस दोन मिनिटांत धुतला जातो. नुसत्या क्लोरहेक्सिडीनवर विसंबू नका, बुरशीवर ते एकटं कमी पडतं. लाइम सल्फरही (चुना आणि गंधकाचं द्रावण) चांगलं चालतं, आठवड्यातून एकदा-दोनदा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पांढऱ्या घोड्याचे केस काही काळ पिवळे दिसतात आणि अंगठी काळी पडते, म्हणून हातमोजे घाला. कुठल्याही आम्लात ते मिसळू नका, विषारी वायू निघतो.

एखाद-दुसराच लहान चट्टा असेल तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा टर्बिनाफिन मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत. बुरशी कडेला जिवंत असते. मधला उघडा भाग तिने सोडलेला असतो, आणि मलम मात्र सगळे मध्यावरच थापतात.

मशीनने केस कापू नका. पात्यांनी कातडी खरचटते आणि तुटलेले केस तबेलाभर उडतात. गरजच असेल तर चट्ट्याभोवतीचे केस कात्रीने कापा, कागदावर गोळा करा आणि जाळा.

५. साज: इथे वेळ द्या

केसांत अडकलेले बीजाणू कोरड्या जागी महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षाहूनही जास्त टिकतात. म्हणून घोड्यावरच्या चार धुण्यांचं वेळापत्रक आणि साजाच्या सफाईचं वेळापत्रक एकच असावं. धुतलेल्या घोड्यावर न धुतलेला तंग चढवला तर त्या दिवसाचा उपचार फुकट गेला.

तंग उलटा करून उन्हात धरा आणि दुमडलेल्या कडेची शिवण अंगठ्याने उघडा. घाम, तेल आणि मातीचा काळा थर दिसेल, आणि त्यात रुतलेले आखूड केस. प्रत्येक केस म्हणजे बीजाणूंची पिशवी समजा. वरून पुसलेल्या, चकचकीत तंगात हा थर तसाच असतो.

चामडं: ओल्या फडक्याने केस काढा. कोरडं झटकू नका, बीजाणू हवेत उडतात. मग चामड्याच्या साबणाने थर निघेपर्यंत घासा, शिवणीत जुना टूथब्रश चालवा. त्यानंतर एनिलकोनॅझोलचं तेच ०.२ टक्क्यांचं द्रावण स्पंजाने शिवणीत मुरवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि शेवटी चामड्याचं तेल द्या. ब्लीच चामड्याला लावू नका. चामडं कडक होऊन तडकतं, आणि तडकलेली कड पुन्हा कातडी सोलते.

कापड आणि सुती पट्टे: घरच्या कपड्यांत न मिसळता, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, दोनदा. दुसऱ्या धुण्याने पहिल्या वेळी सुटलेले केस वाहून जातात. दोऱ्या आणि लोखंडी बकलं उकळा.

नमदा, लोकर किंवा काथ्या भरलेली गादी: आतलं भरण निर्जंतुक होत नाही. जाळून टाकणं जिवावर येतं, पण ही एक गादी ठेवल्यामुळे बाकीची सगळी मेहनत वाया गेलेली फार वेळा दिसते. लगेच बदलणं शक्य नसेल तर निदान प्रत्येक घोड्याखाली स्वतंत्र, रोज धुता येईल अशी सुती चादर घाला आणि गादी थेट अंगाला लागू देऊ नका.

खरारा आणि ब्रश: लाकडी पाठीचे टाकून द्या, प्लास्टिकचे घ्या, प्रत्येक घोड्याला वेगळा. दांड्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे अंधारातही अदलाबदल होत नाही. मोहरकी, तोबरा, झूल यांनाही हाच नियम. आजारी घोड्याचं सगळं काम शेवटी करायचं, त्यानंतर हात आणि बाह्या साबणाने धुवायच्या.

६. जागा

घोडा जिथे अंग घासतो ते खुंट, फळ्या, गव्हाणीची कड ही ठिकाणं शोधा. तिथे केस चिकटलेले दिसतील. आधी खरवडा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, मगच ब्लीच. शेण-मातीवर ब्लीच टाकलं तर ते शेणातच संपतं. साधारण ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे १ लिटर द्रावणात १०० मिली. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहायला हवा. द्रावण रोज ताजं करा, कारण ठेवलेल्या ब्लीचची ताकद उतरते.

मूत्र साचलेल्या जमिनीवर ब्लीच ओतू नका. मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला आणि फुप्फुसांना जाळणारा वायू तयार होतो, बंद तबेल्यात तर माणूस आणि घोडा दोघांनाही धोका. जमीन आधी भरपूर पाण्याने धुवा, घोडे बाहेर काढा, दारं उघडी ठेवा. जुनं गवताचं अंथरूण दुसऱ्या घोड्याला घालू नका, जाळा किंवा पुरा.

७. काम थांबवायचं का?

चट्टा पट्ट्याखाली नसेल आणि घोडा तब्येतीने चांगला असेल तर हलकं काम चालतं, अट एकच: त्याचा साज त्याच्यापुरता आणि तो इतर घोड्यांच्या अंगाला अंग लावून उभा राहणार नाही. चट्टा पट्ट्याखाली असेल तर त्या पट्ट्याचं काम बंद. एका दिवसाच्या घासण्याने दहा दिवसांची सुधारणा जाते. खपली सुटून बारीक केस उगवेपर्यंत आणि दाबल्यावर दुखणं जाईपर्यंत तंग चढवू नका. ज्याचं पोट या घोड्यावर आहे त्याला हे जड जातं, पण चट्ट्यावर पट्टा चालवून शेवटी खोल जखम झाली तर घोडा त्याहून कितीतरी जास्त दिवस उभा राहतो. चिंधीची गुंडाळी घालून भागवू नका. ती घाम धरते आणि खाली ओल राहते.

काम संपल्यावर तंगाखालचा घाम पाण्याने धुऊन कोरडा करणं हा रोजचा नेम ठेवा. ओलसर अंगावर झूल टाकू नये.

८. नमुना तपासून घ्या

इथवर सगळं करूनही नवे चट्टे येत असतील तर अंदाज पुरे. अतिनील दिव्याच्या तपासणीवर भिस्त ठेवू नका, कारण ट्रायकोफायटन इक्विनम त्या उजेडात चमकत नाही. दिव्यात काही दिसलं नाही म्हणून बुरशी नाही, असं होत नाही.

नमुना नव्या चट्ट्याच्या कडेचा हवा. ७० टक्के स्पिरिटने जागा हलकी पुसा, म्हणजे धुळीतल्या फालतू बुरशा कमी होतात. वाळल्यावर चिमट्याने कडेचे २०-३० केस मुळासकट उपटा, थोडा कोंडा खरवडा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल धरते आणि भलतीच बुरशी वाढते. पाकिटावर ‘घोडा’ असं ठळक लिहा. ट्रायकोफायटन इक्विनमला वाढायला निकोटिनिक ॲसिड लागतं, ते प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या माध्यमात घातलं नाही तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. वाढीच्या तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात, पीसीआरचा (बुरशीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचा) निकाल लवकर येतो.

सुधारणा कशी ओळखायची

पहिल्या दहा-बारा दिवसांत चट्टे मोठे दिसतात, कारण आधीच पोखरलेले केस गळत असतात. यावरून औषध बदलू नका. चट्ट्याची कड सपाट झाली का, मध्ये मऊ केस फुटले का आणि दोन आठवड्यांत नवीन उंचवटा हाताला लागला का, हे पाहा. बाकी धडधाकट घोड्यात हा आजार उपचाराशिवायही साधारण १ ते ३ महिन्यांत ओसरतो. म्हणूनच कुठल्याही मलमाला श्रेय मिळतं. उपचाराचं खरं काम म्हणजे तेवढ्या काळात तो इतरांत न पसरू देणं.

इथे थांबा, पशुवैद्याला बोलवा

पायावर, छातीवर किंवा मानेवर दोरीत ओवल्यासारख्या गाठी आल्या, त्या फुटून घट्ट पू येऊ लागला, तर घरचा उपचार तिथेच बंद. हा बुरशीचाच पण गंभीर असा साथीचा लसीका-नलिकादाह असू शकतो, आणि अगदी असाच दिसणारा ग्लँडर्स हा जिवाणूचा आजारही असू शकतो. ग्लँडर्स माणसाला जिवावर बेततो आणि अनेक देशांत तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. गाठी फोडू नका, पू उघड्या हाताने पुसू नका, घोडा वेगळा बांधा. नाकातून चिकट किंवा रक्तमिश्रित स्राव असेल तर फोन करायला सकाळची वाट पाहू नका.

डोळा मिटलेला, पाणी गळणारा, बुबुळावर पांढुरका डाग असेल तर त्याच दिवशी. बुबुळाची बुरशी डोळा घालवते आणि स्टेरॉइडचे थेंब तिला हातभार लावतात.

याशिवाय ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, चट्ट्यातून पू किंवा सूज, घोडा वाळत चाललेला, म्हातारा घोडा ज्याची लांब लव वेळेवर झडत नाही (पिट्यूटरी ग्रंथीच्या आजारात असं होतं आणि बुरशी वारंवार गाठते), पोटुशी घोडी, लहान शिंगरू, किंवा चार धुणी आणि साजाची सफाई नीट होऊनही चार आठवड्यांनी नवे चट्टे. ग्रिसिओफल्व्हिनसारखं पोटातून द्यायचं औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गाभण घोडीत ते गर्भाला विकृती आणतं.

डॉक्टर येण्याआधी पहिला चट्टा कधी दिसला, किती घोडे, कोणता साज कोणावर गेला आणि काय काय लावलं याची यादी तयार ठेवा. तपासणीच्या आधी चट्ट्यांना काही लावू नका, धुऊही नका. न धुतलेला तंगही समोर ठेवा, त्याच्या शिवणीतले केसही तपासायला देता येतात.